शिलकीचं गाव

गार्गीला मी दुधाच्या काट्यावर ठेवलं तेव्हा शामराव सेक्रेटरी म्हणाले, "वैनी, हात सोडा. असं धरून वजन केलंत तर पोरगी कागदावर वाढायची आणि घरात सुकायची."

मी हात सोडला. स्टीलच्या थंडगार ताटलीत बसून गार्गी माझ्याकडे बघायला लागली. सकाळचं दूध घेऊन टँकर नुकताच गेला होता. फरशी धुतलेली होती, पण वास दुधाचाच होता. अंगणवाडीचा झोळीवाला काटा दिवाळीपासून मोडलेला, त्यामुळे महिन्यातून एकदा सुगंधाताई सगळी पोरं घेऊन दूध संस्थेत यायच्या आणि ज्या काट्यावर गावाचं दूध मोजलं जाई त्याच काट्यावर गावाची पोरं मोजली जात.

"सात नऊशे," शामराव म्हणाले. मग रांगेतल्या बायांकडे बघून, "दुधागत फॅटबी काढू का?"

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. मागच्या महिन्यात आठ किलो शंभर होतं. सुगंधाताईंनी नोंद केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वजनाच्या तक्त्यावर पिवळ्यात गेली, वहिनी. घाबरू नका. पण दूध वाढवा."

माझे यजमान निरंजन करंजखिंडीचे ग्रामसेवक. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे आणि मला वैनी. आमची म्हैस नव्हती, जमीन नव्हती; आनसाक्कांच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. पावसाळ्याच्या तोंडी मला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं. तेव्हापासून गार्गी काही खाईना. वरणभात दोन घास, अंडं दिलं की अंगावर पुरळ. दूध दिसलं की मात्र दोन्ही हात पसरायची. आंघोळ घालताना मी तिच्या बरगड्यांवरून बोटं फिरवायची आणि काल एवढ्या लागत होत्या का, हे आठवायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ताजं दूध, तूप, जमेल ते मऊ खाणं. दुधाच्या गावात राहता आणि मला काय विचारता?"

दुधाच्या गावात दूध मिळत नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं.

सुगंधाताई पुढच्या पोराला काट्यावर ठेवत होत्या तेवढ्यात चेअरमन आले. विठोजी खोत, सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरी विजार, पांढरा शर्ट, टोपी. गार्गीच्या गालाला बोट लावून म्हणाले, "काय बाळ, संकलनाला आलीस व्हय?"

मी धीर केला. "आबा, रोज अर्धा लिटर दूध मिळेल का? जो भाव असेल त्या भावानं."

आबांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'स्थानिक विक्री बंद आहे.'

"वैनी, गेल्या सालापतूर रोजचं चाळीस लिटर गावातच जिरायचं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्ये बंद केलं आणि आपली संस्था शिलकीत तालुक्यात पयली आली. आता तुमच्यासाठी पाटी काढली तर उद्या न्हाव्याचं पोर येतंय, परवा मास्तरांचं येतंय. धरणाला भोक एकच पडतंय, पर धरण ऱ्हात न्हाई."

"कुणा शेजाऱ्याकडून घेतलं तर?"

"मग त्या शेजाऱ्याचा दिवाळीचा फरक कापला जातोय. नियम हाय." वर्षभर संस्थेला दूध घालणाऱ्याला दिवाळीच्या आधी जी जादा रक्कम मिळे तिला फरक म्हणत, लुगडं, फराळ, शाळेची फी, सगळं त्यावर. "आणि गावाला एक, मला एक, असं न्हाई. माझ्या गोठ्यात सात म्हशी हायत. चहा कोरा पितो मी. इचारा कुणालाबी."

विचारायची गरज नव्हती. ते खरं होतं, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

"पर बरं झालं भेटलासा," आबा म्हणाले. "तुम्ही अर्थशास्त्रात एमे हाय न्हवं? भाऊसाहेब बोललं हुतं. रविवारी आमची वार्षिक सभा. पेपरात येतंय बघा, अमक्या देशाची शिल्लक, तमक्या देशाची तूट. देशांना जमंना त्ये आपल्या गावानं केलंय. ह्ये जरा शास्त्रातनं पाच मिन्टं सांगा. आम्ही सांगणं म्हंजे म्हशीनं म्हशीला सांगितल्यागत."

मी गार्गीला उचलून घेतलं. ती ताटलीत ओली झाली होती.

"बघते," म्हणाले.

दुपारी आनसाक्का आल्या. घरमालकीण आणि आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या गावी परत येऊन स्वतःच्या हिमतीवर घर बांधलेली बाई. हातात भाकरीचा डबा होता. आत येऊन आधी दार लोटलं, मग वरच्या दोन भाकऱ्या उचलल्या. खाली तांब्याभर दूध.

"लवकर पातेल्यात वत. माझा भाऊ हाय, पर त्याचं नाक लई तिखट हाय."

"आक्का, तुमचा फरक कापतील."

"कापू दे की. कोण देतंय मला लुगडं ह्या वयात." मग माझ्याकडे बघून, "पर रोज न्हाई जमायचं गं. सून मोजून घालती. तिच्याबी पोराला कोराच चहा आणि त्यात बेकरीचं बटर. सकाळी बटर बुडवून खायाचं आणि दूध डेअरीत घालायचं. आमच्या वक्ताला पोरं खरवस खाऊन वांती करायची. आता खरवसबी तालुक्याला जातोय इकाय."

गार्गी वाटीला तोंड लावून एका दमात प्यायली आणि रिकाम्या वाटीत बघत राहिली. आनसाक्कांनी तोंड फिरवलं.

मी गावातल्या दुकानात पिशवीचं दूध ठेवायला सांगून पाहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "वैनी, दुधाच्या गावात पिशवी कोण घेतंय? हसत्याल मला." निरंजन तालुक्याला गेले की संध्याकाळच्या एसटीने पिशवी आणत. आमच्याच गावाचं दूध टँकरने जाई, कुठे तरी थंड होई, त्यातली मलई निघे आणि पातळ होऊन, छापील पिशवीत, दुसऱ्या दिवशी उन्हातून परत येई. अर्ध्या वेळा ते तापवताना फाटायचं.

संध्याकाळी मी निरंजनला सभेचं सांगितलं.

"अरे वा. बोल की," ते म्हणाले. पंचायतीचे कागद पसरून बसले होते. "आबांनी मलाही सांगितलं होतं. पाच मिनिटं छान बोल आणि खाली बस."

"काय बोलू? शिल्लक चांगली असते म्हणून?"

"असतेच ना. आमच्या पंचायतीचंही अंदाजपत्रक सलग तिसऱ्या वर्षी शिलकीचं आहे. बीडीओ साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं माझं."

"अंगणवाडीचा काटा का नाही घेतला मग?"

निरंजनने चष्मा काढला. "रूपा, ते वेगळं आहे. महिला-बालकल्याणाचा निधी आहे. खर्च करायचा तर ठराव, दरपत्रकं, मग लेखापरीक्षणात शंभर प्रश्न. ठेवला तर कुणी विचारत नाही. तो पुढच्या वर्षी ओढला जातो."

"आणि त्यामुळे शिल्लक दिसते."

"त्यामुळे दिसते," ते हळूच म्हणाले. मग, "तू हे सभेत नाही ना बोलणार? आबांचा शब्द वर चालतो. जिल्ह्याच्या पार टोकाला बदली झाली तर गार्गीला घेऊन कुठे जायचं?"

मी गार्गीला मांडीवर घेऊन थोपटत बसले. डोक्यात कॉलेजातली वाक्यं येत होती. निर्यात आयातीपेक्षा जास्त असल्यास व्यापारतोल अनुकूल. सरकारचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असल्यास अंदाजपत्रक शिलकी. ही वाक्यं लिहून मला गुण मिळाले होते. अनुकूल म्हणजे कुणाला, हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता आणि मलाही तो कधी पडला नव्हता.

त्या आठवड्यात मी गावातून जरा जास्तच फिरले. गार्गीला कडेवर घेऊन कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पाणवठ्यावर. सकाळी सकाळी. बायांना वाटलं, भाऊसाहेबांच्या मंडळींना करमत नसेल. मी त्यांच्या चुलीकडे बघत होते, कपात काय ओततात ते बघत होते. कुणाला काही बोलले नाही. निरंजनलासुद्धा नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. व्यासपीठावर आबा, तालुका दूध संघाचे एक अधिकारी आणि टेबलावर तालुक्यात पहिलं आल्याची ढाल. मागे कापडी फलक, 'विक्रमी शिल्लक'. गार्गी आनसाक्कांच्या मांडीवर त्यांच्या पदराचं टोक चघळत होती. निरंजन खांबाला टेकून उभे होते आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी आपण रस्त्याच्या पलीकडे धावणाऱ्या मुलाकडे बघतो.

शामरावांनी अहवाल वाचला. टाळ्या झाल्या. मग आबांनी माइक माझ्या हातात दिला. "आता वैनी सांगतील, आपण केलं त्ये देशाच्या पातळीवर काय म्हणायचं."

मी म्हणाले, "देशाची शिल्लक दोन ठिकाणी असते. एक सरकारच्या पेटीत. लोकांकडून कर म्हणून जेवढं घेतलं त्यापेक्षा लोकांवर कमी खर्च केलं, तर उरतं ते. दुसरी व्यापारात. देशानं बाहेर जास्त माल पाठवला आणि बाहेरून कमी आणला, तर वरचा पैसा देशाकडे येतो."

आबांनी मान डोलावली.

"तो पैसा लागतोच. खनिज तेल बाहेरून आणायचं, औषधं आणायची, यंत्रं आणायची, तर बाहेरच्यांना चालणारा पैसा पदरी हवा. ज्या देशाच्या पदरी तो नसतो त्याला वाईट वर्षी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. आणि दारात उभ्या राहणाऱ्याला कुणी बस म्हणत नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आबांनी वाजवल्या. निरंजनचे खांदे सैल झाले. तिथे मी थांबले असते तर सगळं सुखरूप झालं असतं.

"एक विचारू का?" मी म्हणाले. "ज्यांच्या घरी आज सकाळी दूध घालून चहा झाला, त्यांनी हात वर करायचा."

लोक एकमेकांकडे बघून हसले. पुरुषांतून एक हात वर गेला, तो शाळेच्या मास्तरांचा. मागून कुणी तरी म्हणालं, "मास्तर, पिशवीचं न्हवं." मास्तरांनी हात खाली घेतला. बायांतून कुणीच नाही. पहिल्या रांगेत आबांच्या मंडळी बसल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आणि ज्यांच्या घरी पाच वर्षांखालचं पोर आहे आणि त्यानं काल वाटीभर दूध प्यायलं, त्यांनी."

एकही हात वर झाला नाही. संघाचे अधिकारी मोबाइलमध्ये बघू लागले.

आबा उठले. त्यांना माइक लागत नव्हता. "वैनी, कोऱ्या चहानं कोण मेलंय का? मी कोरा चहा पिऊन ही संस्था उभी केलीया. तुम्ही तवा न्हवता. म्हशींवर रोग आला त्या साली संस्थेच्या पेटीत दमडी न्हवती. लोकांची बिलं मी देऊ शकलो न्हाई. एक दिवस सकाळी दार उघडलं, तर गावानं माझ्या उंबऱ्यासमोर दुधाच्या रिकाम्या किटल्या आणून ठेवल्या हुत्या. कोण काय बोललं न्हाई. नुसत्या किटल्या." त्यांनी टोपी सारखी केली. "माझी आई त्या वलांडून पाण्याला गेली. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा ही येळ न्हाई. आता तुम्ही सांगा, शास्त्रात काय म्हणत्यात?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आठवडाभर ओट्याओट्यांवर बसून मी जे मनात जुळवलं होतं त्यात या किटल्या कुठेच नव्हत्या.

"आबा, ती शिल्लक मोडा असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "ती हवीच. तुम्ही राखलीत म्हणून लोक आज निवांत आहेत. पण शिल्लक दोन तऱ्हेची असते, हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. एक पोट भरून उरते. एक पोटाला चिमटा काढून उरवलेली असते. आकडा दोन्हींचा सारखाच दिसतो. ढालही सारखीच मिळते."

"आणि वाईट दिवस आला म्हंजे?"

"त्या दिवशी बँकेतला पैसा बाहेर काढता येईल. नवी म्हैस घेता येईल, बिलं देता येतील. पण माझी मुलगी दीड वर्षाची आहे, आणि ती आत्ताच दीड वर्षाची आहे. या वर्षी तिनं न प्यायलेलं दूध पुढच्या दुष्काळात व्याजासकट पाजलं तरी उपयोग नाही. देशांचंही असंच होतं. माल बाहेर गेला, पैसा आत आला, पेपरात नाव आलं. तो पैसा घरच्यांच्या अंगी लागला का, हे कुणीच मोजत नाही."

मी माइक टेबलावर ठेवला.

तेवढ्यात बायांच्या बाजूने आनसाक्कांचा आवाज आला. उठल्याही नाहीत. "इठू, तुला आयनं ल्हानपणी काय पाजलं रं? शिल्लक?"

आधी एक बाई हसली, मग सगळा हॉल. आबांच्या मंडळीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आबा हसले नाहीत. ढालीवरची धूळ पुसल्यासारखं बोट फिरवलं आणि म्हणाले, "सभा संपली. चहा घिऊन जावा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरी येताना पाणंदीच्या वळणावर निरंजन म्हणाले, "बदलीचा अर्ज मीच लिहून ठेवतो. त्यांचा कागद वाचेल."

"रागावलात?"

"नाही," ते म्हणाले. थोडं चालून, "मास्तरांच्या आधी माझा हात वर जाणार होता. पिशवीच्या दुधाचा. बरं झालं गेला नाही." आणि मग दोघंही रस्त्यातच हसायला लागलो, भीती वाटत असूनही.

दोन दिवस काहीच झालं नाही. संस्थेपुढून जाताना शामराव मान खाली घालून कॅनची झाकणं लावत बसत. आनसाक्कांची सून माझ्याशी बोलेनाशी झाली. मला वाटलं, मी गावाच्या दुखऱ्या जागेवर पाय दिला. गार्गीला पेज भरवत होते, ती तोंड फिरवत होती, आणि मनात माहेरी जाऊन राहायचे बेत करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा हॉर्न वाजायला लागला. रोज तो एकदाच वाजे, निघताना. त्या दिवशी तो थांबेना. मी गार्गीला उचललं आणि काय झालं म्हणून तशीच गेले.

संस्थेच्या दारात टँकर उभा होता. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकलेला. "आबा, म्होरं चार गावं हायत. दूध नासंल."

"असू देत गावं. थांब जरा." आबा दारातच एका पालथ्या कॅनवर बसले होते. शेजारी दुसरा कॅन, झाकण काढलेला, त्यात लांब दांड्याचं माप. समोर बायांची रांग. न्हाव्याची सून होती, मास्तरीणबाई होत्या, वीटभट्टीवरची एक बाई दोन पोरांना घेऊन आली होती. दारावर पाटी नव्हती. ती होती तिथला चौकोन भिंतीवर पांढराशुभ्र दिसत होता.

"पयला कॅन गावाचा," आबा ड्रायव्हरला म्हणाले. "त्यो संपला की टँकर. उद्यापास्नं येळ बदलून घे."

माझी पाळी आली. आबांनी माप बुडवलं आणि वर बघितलं. "डबा?"

मी डबा आणलाच नव्हता.

"पोरगी आणलीसा आणि डबा इसरलासा. एमेवाल्यांचं असंच," ते म्हणाले. रांगेत हशा झाला. मागून आनसाक्कांनी आपली किटली पुढे केली. "ह्यात घाल. आता भाकरीखाली झाकाय नको."

"म्हंजे?" आबांनी बहिणीकडे बघितलं.

"म्हंजे काय न्हाई. घाल तू."

आबांनी दूध घातलं. मापाच्या कडेवरून ओघळलेला थेंबही झटकून किटलीत टाकला. "भाव संघाचा हाय त्योच. फुकट न्हाई कुणाला."

"फुकट नकोच होतं, आबा."

"ठाऊक हाय." मग आवाज खाली घेऊन, "घरी दोन दिवस बोलणं बंद हाय माझ्याशी. मंडळी म्हणती, दारात सात म्हशी आणि सभेत हात वर करता आला न्हाई, मेल्यागत झालं मला. मला आधी कधी बोलली न्हाई. तीस वरसं कोरा चहा ठेवती, बोलली न्हाई."

हे मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. एवढ्यात हॉर्न ऐकून निरंजनही धावत आले होते. आबांनी त्यांना हाताने जवळ बोलावलं.

"भाऊसाहेब, तुमच्या पंचायतीचीबी शिल्लक हाय म्हणं."

निरंजनने माझ्याकडे बघितलं. "आहे."

"मग अंगणवाडीच्या पोरांनी रांगंत यायचं का?"

"नाही," निरंजन म्हणाले. "महिला-बालकल्याणाचा निधी पडून आहे. पुरवणी अंदाजपत्रकात पोरांचं दूध धरतो. काटाही धरतो." क्षणभर थांबून, "फक्त यंदा शिल्लक कमी दिसेल."

"दिसू दे," आबा माप बुडवत म्हणाले. "माझीबी दिसणार हाय."

घरी जाऊन मी ते दूध तापवलं. त्यावर जाडसर साय आली. वाटीत घालून फुंकर मारेपर्यंत गार्गी माझं मनगट धरून उभी होती. पहिली वाटी संपवून तिने दुसरीसाठी हात पसरले, आणि दुसरी होती.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. त्या साली दिवाळीचा फरक थोडा कमी आला आणि काही जणांनी मला रस्त्यात सुनावलं. आनसाक्कांच्या सुनेने उघडच विचारलं, "आता आमचं लुगडं तुमच्या शास्त्रातनं येणार का?" नव्या काट्यावर गार्गीला पिवळ्यातून बाहेर यायला थंडी उजाडली. मध्ये एकदा खोकल्याने पुन्हा घसरलीही. सुगंधाताई म्हणायच्या, "वहिनी, रोज नका मोजत जाऊ, पोर आहे ते." पण मी मोजायचीच. ज्या दिवशी ती हिरव्यात आली त्या दिवशी तिच्याच वयाच्या वीटभट्टीवरच्या पोराचंही वजन वाढलं होतं, आणि त्याची आई ते दोनदोनदा वाचून घेत होती.

पुढच्या वार्षिक सभेत संस्थेचा नंबर चौथा आला. अहवाल वाचायला शामराव उठले तेव्हा आबांनी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. शिलकीच्या आकड्याशी आल्यावर थांबले. म्हणाले, "आकडा घटलाय. त्यो कुठं गेला ह्ये बघायचं असंल तर बाहीर पटांगणात बघा, खेळाय लागलाय." आणि खाली बसले. त्या दिवशी टाळ्या वाजवायला लोकांना जरा वेळ लागला, पण मग त्या लवकर थांबल्या नाहीत.

आमची बदली झाली ती नियमाप्रमाणे, आणखी दोन वर्षांनी, आणि जिल्ह्याच्या टोकाला नाही. गार्गी आता सातवीत आहे. करंजखिंड मागे पडलं, पण आबांचा फोन येतो. वर्षातून एकदा, अर्थसंकल्पाच्या दिवशी. भाषण संपलं की दहा मिनिटांत.

परवाही आला. कान आता कमी झालेत, त्यामुळे ते ओरडून बोलतात आणि गार्गी स्वयंपाकघरातूनसुद्धा ऐकते.

"वैनी, टीव्हीवर सांगाय लागल्यात, एका देशाकडं लई शिल्लक साठलीया म्हणं. सरकारचीबी, व्यापाराचीबी. जगात पयला नंबर."

"हो आबा, वाचलं मी. फार मोठा आकडा आहे."

"आकडा मला दिसतोय की, चष्मा हाय. तिथली पोरं सकाळी काय पित्यात, त्ये सांगा."

"बघून सांगते, आबा," मी म्हणाले. आणि फोन ठेवून खरोखरच शोधायला बसले.